जगबुडीचे चित्रपट : स्मरणात काय राहते, लाट की आटलेली विहीर?

माळरान, जुळे सोलापूर
जगाच्या अंतावरील चित्रपटांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते ते रोलंड एमरिख यांच्या '२०१२' (२००९) या चित्रपटाचे. माझ्या मते लाटा, भूकंप आणि कोसळत्या इमारती यांचा प्रभाव चित्रपटगृहाच्या दारापर्यंतच टिकतो, आणि ज्या चित्रपटांत अंत घरात बसून, हळूहळू अनुभवावा लागतो, तेच कायमचे मनात राहतात. बेला टार यांचा 'द ट्युरिन हॉर्स' (२०११) पाहावा. सुमारे अडीच तासांचा हा कृष्णधवल चित्रपट अवघ्या तीस शॉटमध्ये उभा आहे. एक बाप, त्याची मुलगी, थकलेला घोडा, सतत घोंघावणारा वारा आणि जेवायला प्रत्येकी एक उकडलेला बटाटा, एवढाच त्याचा संसार. मुलगी रोज सकाळी दोन बादल्या घेऊन विहिरीवर जाते आणि एके दिवशी आत डोकावते, तर तळाला पाणीच नसते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात हे दृश्य कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. पुढे भरलेला दिवाही पेटेनासा होतो.

स्टॅन्ली क्रेमर यांचा 'ऑन द बीच' (१९५९) याच जातीचा आहे. अणुयुद्धात उत्तर गोलार्ध संपला आहे आणि मेलबर्नमधले लोक किरणोत्सर्ग दक्षिणेकडे सरकण्याची वाट पाहत आहेत. अमेरिकेतून तुटक तारसंदेश येत असतो, म्हणून पाणबुडी तिथवर जाते. संदेश पाठवणारा कोणी माणूस नसून पडद्याच्या दोरीत अडकलेली शीतपेयाची बाटली वाऱ्याने तारयंत्रावर आपटत असते. या एका बाटलीपुढे '२०१२' मधले सगळे भूकंप मला फिके वाटतात.

पूर्वभागकर
आपली निवड उत्तम आहे. मात्र त्यासाठी लोकांना आवडलेल्या चित्रपटाला कमी लेखण्याची गरज नव्हती. आमच्या भागातील यंत्रमाग कामगारांनी '२०१२' हिंदीतून पाहिला आणि नंतर कितीतरी दिवस त्यावर वाद घातले. वाद लाटांवर नव्हता, तिकिटावर होता. त्या चित्रपटात वाचण्यासाठी प्रचंड जहाजे बांधली जातात आणि सामान्य माणसाला पत्ता लागू न देता त्यांतील एकेक जागा शंभर कोटी युरोंना विकली जाते. जग बुडताना रांगेत पुढे कोण असेल, हा प्रश्न एवढ्या ढोबळ आणि सर्वांना कळेल अशा रीतीने आपल्या बाटलीने विचारलेला नाही.

दक्षिण कसबा
दोघांनीही बीबीसीचा 'थ्रेड्स' (१९८४) वगळला, याचे आश्चर्य वाटते. शेफिल्डवर अणुबॉम्ब पडतो आणि चित्रपट तेथे न थांबता पुढची तेरा वर्षे दाखवतो. युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची भाषासुद्धा तुटकी झालेली असते. यापेक्षा भीषण काही मी पाहिलेले नाही आणि पुन्हा पाहण्याची इच्छाही नाही.

होटगी रस्ता
शेफिल्ड आणि मेलबर्न कशाला? नीलमाधव पांडा यांचा 'कडवी हवा' (२०१७) आपल्याच देशातला आहे. पाऊस दुरावलेल्या गावातला अंध म्हातारा, कर्जाखाली दबलेल्या मुलाने जीव देऊ नये म्हणून बँकेच्या वसुली अधिकाऱ्याला इतरांची कर्जे वसूल करण्यात मदत करतो. संजय मिश्रा यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की अंगावर काटा येतो. आपल्या जिल्ह्यासाठी जगाचा अंत म्हणजे हाच.

पूर्वभागकर
यास माझा ठाम विरोध आहे. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील बायामाणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी खाऊन पोरे जगवली आणि पाऊस आल्यावर पुन्हा पेरणी केली. त्याला जगाचा अंत म्हणणे म्हणजे त्यांच्या तगून राहण्यावर पाणी ओतणे होय. 'कडवी हवा' हा कर्जाचा चित्रपट आहे, उत्तमच आहे, पण तो या यादीत बसत नाही.

माळरान, जुळे सोलापूर
येथे मी पूर्वभागकरांशी सहमत आहे, आणि नेमका हाच मुद्दा त्यांच्या '२०१२' च्या विरोधात जातो. बहात्तरच्या माणसाला पुढच्या मृगाची आशा होती; 'ट्युरिन हॉर्स'मधील मुलीला ती नाही. ज्यात शेवटी कोणी तरी वाचते तो संकटपट, अंताचा चित्रपट नव्हे. लार्स फॉन ट्रायर यांच्या 'मेलंकोलिया'त (२०११) ग्रह येऊन आदळतो आणि मागे कोणीही उरत नाही. '२०१२' मध्ये मात्र जहाजे सुखरूप आहेत, लाट ओसरते आणि प्रवासी गच्चीवर ऊन खातात.

पूर्वभागकर
प्रवासी वाचतात, हे खरे. पण पृथ्वीचा गाभा तापत असल्याचे प्रथम ज्याने शोधले, तो सतनाम हा भारतीय शास्त्रज्ञ त्या जहाजांवर नसतो. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला न्यायला येणारे विमान येतच नाही. समोरून लाट येत असताना तो आपल्या अमेरिकन मित्राला फोन करून तेवढेच सांगतो. आपल्या व्याख्येनुसार हा संकटपट असेल, तर सतनामच्या बायकोमुलांसाठी तो कोणता चित्रपट होता, हे आपण सांगावे.