मासेराती ३५०० जीटीआय : गरम इंजिन पुन्हा चालू होत नाही

प्रश्न: १९६२ची इटालियन स्पोर्ट्स गाडी, मूळ लुकास कंपनीचं फ्युएल इंजेक्शन (दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा). थंड असताना लगेच चालू होते. लांब पल्ल्यानंतर दहा मिनिटं बंद ठेवली की नुसता स्टार्टर फिरतो. ही इंजेक्शन सिस्टीम काढून वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर बसवावेत का?

उत्तर १: घाई करू नका. आधी इंधन पंपानंतरच्या लाइनवर प्रेशर गेज लावा. सुमारे १०० पीएसआय हवं. गरम झाल्यावर दाब पडत असेल आणि पंपाचा आवाज चिरका होत असेल, तर पेट्रोलची वाफ होतेय. हा पंप ढकलतो जोरात, पण खेचण्यात कमजोर. म्हणून तो टाकीच्या तळाखाली, एक्झॉस्टपासून दूर हवा. टाकीकडून येणारी नळी रुंद, फिल्टर स्वच्छ. चोंदलेल्या फिल्टरमुळेही पंप तापतो.

उत्तर २: दाब ठीक असेल तर इग्निशन बघा. सहा सिलिंडरना बारा प्लग आहेत, म्हणजे प्रत्येकी दोन, असे दोन संच. एक संच मेला तरी इंजिन चालतं, म्हणून दोष लपून राहतो. दोन्ही संचांची ठिणगी गरम असतानाच तपासा.

वेबर बसवलेच, तरी मीटरिंग युनिट (सिलिंडरना पेट्रोल मोजून देणारा भाग), इंजेक्टर जपून ठेवा. मूळ इंजेक्शनसह नीट चालणारी जीटीआय आता दुर्मीळ आहे, ती वाचवायलाच हवी.