अपुऱ्या नोंदींच्या वर्गीकरणाबाबत मदत हवी आहे
अमेरिकेतील पिमा या मूळनिवासी समाजाच्या स्त्रियांविषयीच्या मधुमेहाच्या प्रसिद्ध डेटासेटवर (नोंदींच्या संचावर) मी मधुमेह आहे की नाही, असे वर्गीकरण संगणकाकडून करून घेण्याचे काम करत आहे. त्यातील ७६८ पैकी ३७४ नोंदींत इन्सुलिनचे मूल्य शून्य आहे, म्हणजे ते मोजलेच गेले नसावे, असे मानणे भाग आहे. अशा नोंदी वगळल्या तर जवळपास निम्मी माहिती हातची जाते, आणि त्या जागी सरासरी भरली तर मूल्यांमधील फरक कृत्रिमरीत्या घटतो, जे मला अधिक घातक वाटते. मिळत्याजुळत्या नोंदींवरून मूल्य भरणारी के-एनएन पद्धत घ्यावी, की रिकामी मूल्ये स्वतःच हाताळणारे एक्सजीबूस्ट हे वर्गीकरणाचे अल्गोरिदम? शिवाय चाचणी न होण्यामागेच रुग्णाच्या स्थितीचा संबंध असेल, तर ‘मूल्य नाही’ असा वेगळा स्तंभ जोडणे योग्य ठरेल का? अनुभवी सभासदांनी कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.