गनर ते लेफ्टनंट: तोफखान्यातून कमिशनचा रस्ता नेमका कुठून जातो?

थोरला_भाऊ
धाकटा भाऊ एका फील्ड रेजिमेंटमध्ये गनर आहे, ट्रेड टीए (टेक्निकल असिस्टंट, तोफेच्या नेमाचं गणित करणारा). वय २४, नोकरी साडेपाच वर्षं, भरती अग्निपथच्या आधीची. दहावीवर भरती झाला आणि नंतर बाहेरून बारावी केली. त्याला ऑफिसर व्हायचंय. गावात रिटायर्ड मंडळी सांगतात, "घाई कशाला, नोकरी करत राहा, शेवटी कॅप्टन होऊनच येशील." युनिटमधले म्हणतात, परीक्षा दे. दोघांचं एकाच वेळी खरं कसं असेल? आत्ता त्याने नेमकं काय करावं, आणि अर्ज कुठे अडकतात?

शीटरोल
दोघांचंही खरं आहे, पण ते दोन वेगळ्या शिड्यांबद्दल बोलतायत. गनर, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर ही एक शिडी. तिच्या टोकाला ऑनररी, म्हणजे मानद, लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन मिळू शकतं. तुमच्या गावातले कॅप्टन साहेब बहुधा तेच. पूर्ण कमिशन, म्हणजे खरं ऑफिसरपद, हवं असेल तर या शिडीवरून मधेच उतरून दुसरी धरावी लागते, आणि ती कोणती हे मुख्यतः वय ठरवतं.

२० ते २७ वयात एसीसी, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज. किमान दोन वर्षं नोकरी आणि बारावी पास. लेखी परीक्षा, मग एसएसबी (ऑफिसर निवडणारं बोर्ड), मग मेडिकल. निवड झाली की डेहराडूनला आयएमएच्या (इंडियन मिलिटरी अकॅडमी) एसीसी विंगमध्ये तीन वर्षं, तिथे जेएनयूची पदवी मिळते, आणि त्यापुढे आयएमएचं एक वर्ष. (हे कॉलेज १९२९ साली नौगावला किचनर कॉलेज म्हणून सुरू झालं, १९६० साली एसीसी झालं, मग पुण्यात होतं आणि १९७७ साली डेहराडूनला गेलं. जुन्या माणसांच्या तोंडी पुण्याचं नाव आलं तर गोंधळू नका.)

२८ ते ३५ मध्ये एससीओ, स्पेशल कमिशन्ड ऑफिसर. नोकरी पाच वर्षं, बारावी, एसएसबी, आणि ट्रेनिंग एकच वर्ष. त्यानंतर ४२ पर्यंत पीसी-एसएल, स्पेशल लिस्ट. त्याला दहा वर्षं नोकरी लागते, आणि पुढचं काम बहुतेक क्वार्टरमास्टर (साठा-पुरवठा), एमटीओ (गाड्यांचा ऑफिसर), रेकॉर्ड ऑफिस अशा खुर्च्यांवर.

आता त्याचा हिशोब मांडा. २५ व्या वर्षी एसीसीत गेला तर २९ व्या वर्षी लेफ्टनंट. कमिशननंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, म्हणजे ४२ व्या वर्षी. एससीओची वाट बघत ३३ व्या वर्षी ट्रेनिंगला गेला तर तोच टप्पा ४७ व्या वर्षी. म्हणून २४ वय असताना दुसरा विचारच करू नये.

अर्ज अडकतो तो कागदात. दहावीवर भरती झालाय म्हणता, तेव्हा त्याच्या शीट रोलवर (जवानाच्या नोंदींचा कागद) दहावीच लिहिलेली असणार. नंतरची बारावी पार्ट टू ऑर्डरने (रेकॉर्डवर बदल नोंदवणारा युनिटचा आदेश) नोंदली गेली का, हे पहिल्यांदा बघा. सर्टिफिकेट पेटीत आहे पण रेकॉर्डवर नाही, तर तो दहावी पासच. नोंद युनिटच्या ऑफिसातून नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला जाते, वरून त्रुटी निघाली तर परत येते, आणि या फेऱ्यांत महिने जातात. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर तो कोर्स गेला म्हणून समजा. बोर्डाच्या सर्टिफिकेटवरचं आणि भरतीच्या कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. 'राव' एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही अर्ज परत येतो. जन्मतारखेचंही तेच.

बाकी तीन गोष्टी: मेडिकल शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त), कंडक्ट शीटवर रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) नको, आणि सीओंची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची, शिफारस. ही शिफारस आयत्या वेळी मागायची गोष्ट नाही. बीपीईटी (शारीरिक चाचणी), फायरिंग, केडर (युनिटमधलं ट्रेनिंग) हे सगळं वर्षभर दिसलेलं असावं लागतं. आणि वयाच्या अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा चालू जाहिरात हेडक्लार्ककडे स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

जीटीओ_ग्राउंड
वरचं सगळं बरोबर. पण कागद जुळलेले असूनही जवान गळतात ते एसएसबीत, आणि कारण बहुतेक एकच असतं. तोफेवर माणूस घडतो तो हुकूम अचूक पाळायला. रेंज, बेअरिंग, चार्ज ऐकायचं, जसंच्या तसं परत बोलायचं, तसंच लावायचं. तिथे स्वतःचं डोकं चालवलं तर गोळा भलतीकडे. एसएसबीच्या मैदानावर मात्र आठ-दहा जण, एक फळी, एक बल्ली, एक दोरी आणि पुढे रंगवलेला अडथळा असतो. तिथे कोणी हुकूम देत नाही. जवान सवयीने वाट बघतो, किंवा दुसऱ्याने सांगितलेलं झकास करून दाखवतो. काम होतं, पण कल्पना त्याची नसते.

त्याला एवढंच सांगा: प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये (गटाने अडथळे ओलांडायची ही चाचणी) पहिल्या अडथळ्यालाच काहीतरी सुचवायचं. चुकलं तरी चालेल. "फळी इथे टेकवू, भार घेऊन दोघं आधी जाऊ" एवढंही पुरतं. नियम लक्षात ठेवा: लाल रंगाला माणूसही लागायला नको, सामानही नको.

सायकॉलॉजीच्या पेपरात वेळेचा खेळ आहे. टीएटीत (चित्र बघून गोष्ट लिहायची चाचणी) एक कोरं धरून १२ चित्रं, प्रत्येक ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मग ६० शब्द, प्रत्येकावर सुचेल ते लिहायला १५ सेकंद. मग ६० प्रसंग, तिथे काय कराल ते ३० मिनिटांत, म्हणजे प्रसंगाला अर्धं मिनिट. गाइडमधून पाठ केलेल्या गोष्टी चित्रावर चिकटवल्या की उघड्या पडतात, कारण त्याच गोष्टी शेजारच्या चार जणांनीही लिहिलेल्या असतात. हिरोला दर गोष्टीत अतिरेकी पकडायला लावू नका. विहिरीवर मोटर बसवणारा हिरोही चालतो.

भाऊ टीए आहे याचा फायदा ग्रुप प्लॅनिंगमध्ये होतो. समोर मॉडेल असतं, अंतरं दिलेली असतात, दोन-तीन संकटं एकदम आलेली असतात. कुठल्या वाटेने किती वेळ लागेल हे त्याला बोटांवर काढता आलं पाहिजे. वर्तुळाचे ६४०० मिल (तोफखान्याचं कोन मोजायचं माप). १० मिलची चूक १० किलोमीटरवर साधारण १०० मीटर होते. हा हिशोब ज्याच्या डोक्यात रोज चालतो त्याने वेळेच्या गणितात मागे पडू नये.

इंग्रजीचं मात्र आत्तापासून. सहा महिने रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचायची आणि मग न बघता तीन मिनिटं त्यावर बोलायचं. लेक्चरेटला (एसएसबीतलं छोटं भाषण) बोलायची वेळ तेवढीच असते. तोंड बंद राहतं ते व्याकरण कच्चं म्हणून नव्हे, आपला आवाज इंग्रजीत कधी ऐकलेलाच नसतो म्हणून.

थोरला_भाऊ
बारावीची नोंद झालेली नाही, आत्ताच फोनवर विचारलं! उद्या ऑफिसात जातो म्हणाला. अजून दोन शंका. ऑफिसर झाला तर आपल्याच रेजिमेंटमध्ये परत येतो का? आणि एसएसबीत नाहीच निघाला तर आहे त्या शिडीवर किती वर जाता येतं?

नंबर_वन
आपल्याच युनिटात सहसा नाही, आणि तेच बरं. ज्या हवालदाराने कालपर्यंत पेटी उचलायला लावली त्यानेच उद्या सॅल्यूट करायचा, हे दोघांनाही जड जातं. आयएमएतून आर्म (सैन्याची शाखा) कुठलाही मिळू शकतो, मेरिट आणि पसंती बघून. पुन्हा तोफखानाच मिळाला तर यंग ऑफिसर्स कोर्सला देवळालीला यावंच लागतं.

दुसऱ्या शंकेबद्दल. रँकला नोकरीची हद्द बांधलेली आहे: गनर १७ वर्षं, नाईक २२, हवालदार २४, नायब सुभेदार २६, सुभेदार २८, सुभेदार मेजर ३२. स्क्रीनिंगमध्ये पास झाला तर वर दोन वर्षं वाढ, आणि शिवाय वयाची मर्यादा. म्हणजे वेळेत बढती मिळाली नाही तर नोकरीच संपते. इथे पुढे नेतात ते कोर्स. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत इन्स्ट्रक्टर ग्रेडिंग घेऊन आलेला हवालदार आणि नुसता पास होऊन आलेला, यांच्यातला फरक बढतीच्या बोर्डात दिसतो. मॅप रीडिंग आणि एज्युकेशनचे सर्टिफिकेट वेळेत नसतील तर चांगला एसीआरही (वार्षिक गोपनीय अहवाल) वाया जातो. माणूस योग्य असतो आणि एका पेपरासाठी ज्युनिअर पुढे जातो.

शीटरोल
ऑनररीबद्दल एक भर. तो किताब २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतो, निवडक जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), नोकरीच्या अगदी शेवटी. त्यावर करिअर आखता येत नाही.

नंबर_वन
आखता येत नाही हे मान्य, पण कमी लेखू नका. तोफखान्याचे उमराव सिंग, व्हिक्टोरिया क्रॉस, डिसेंबर १९४४ मध्ये कलादान खोऱ्यात हवालदार होते, तोफेचे डिटॅचमेंट कमांडर. दारूगोळा संपत आल्यावर तोफ फिरवायचा लोखंडी दांडा घेऊन हातघाईवर लढले. तेही ऑनररी कॅप्टनच होते. शिडी वेगळी आहे, हलकी नाही.

भावाला सांगा, ऑफिसात जाताना बारावीचं मूळ सर्टिफिकेट आणि मार्कशीट दोन्ही न्यावीत, आणि पार्ट टू ऑर्डर निघाली की तिचा नंबर आणि तारीख स्वतःच्या डायरीत लिहून घ्यावी. नाशिक रोडहून विचारणा झाली की पहिल्यांदा तेच मागतात.