'सार्वजनिक' शब्द मोडीत काढायचा म्हणे!

गिरणगावकर
परवा इथल्या एका महाशयांनी लिहिलं, "सार्वजनिक म्हणजे कुणाचंच नसलेलं. सार्वजनिक नळ, सार्वजनिक मुतारी, सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता. शब्दालाच वास येतो. यापुढे 'सामुदायिक' म्हणा." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, हा शब्द एका माणसाला कौतुकाने चिकटला होता. गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' झाले ते उगाच नाही. 1870 साली पुण्यात लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा निघाली, तीही पर्वती संस्थानाच्या, म्हणजे तिथल्या देवस्थानाच्या, कारभारावरच्या कुरबुरीतून. सभासद व्हायचं तर निदान 50 जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागे. म्हणजे मी एकटा बडबडत नाही, माझ्यामागे पन्नास माणसं आहेत. मुतारी घाण असेल तर मुतारी धुवा, शब्दकोशावर कशाला फिनेल ओतता?

आणि सामुदायिक म्हणजे काय हो? सामुदायिक विवाह, सामुदायिक पारायण. सगळ्यांनी एका वेळी बसून उरकायचं ते सामुदायिक. त्यात हक्क कुठे आला?

शनवारातली
महाशय नाही, बाई आहे मी. आणि वास कुठून येतो तेही सांगते. आमच्या दारासमोर दरवर्षी मांडव पडतो. तीन वर्षांपूर्वी आईला रात्री दीड वाजता दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा मांडवाच्या अलीकडेच थांबली. आईला खुर्चीत बसवून उचलत नेली. मंडळाचा एक पोरगा म्हणतो, "सार्वजनिक आहे काकू, जरा ॲडजस्ट करा." मांडव घालताना सार्वजनिक म्हणजे त्यांचं. खड्डे बुजवायची वेळ आली की सार्वजनिक म्हणजे महापालिकेचं. आमचं कधी होतं ते सांगा. सार्वजनिक काका मला शाळेत असताना पाठ होते.

महाडकर
पन्नास सह्या ठीक, पण कुणाच्या? या सभेच्या सार्वजनिकपणावर फुल्यांनी तेव्हाच टीका केली होती. गंमत अशी की त्यांनी शब्द टाकला नाही, उचलला. त्यांच्यामागे 1891 साली छापलेल्या पुस्तकाचं नावच 'सार्वजनिक सत्यधर्म'.

पुढचं आमच्या गावचं. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 ला महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं. 1927 ला बाबासाहेब खरोखर पाणी प्यायले, तर विरोधक कोर्टात गेले. काय म्हणून? तळं सार्वजनिक नाही, स्पृश्यांच्या खाजगी मालकीचं आहे म्हणून! हायकोर्टाने ते फेटाळायला 1937 उजाडलं. दहा वर्षं खटला लढवून राखलेला शब्द रिक्षा अडली म्हणून टाकायचा?

शनवारातली
"रिक्षा अडली"? माझ्या आईचं दुखणं तुम्हाला रिक्षा वाटते? इतिहास पाठ असला की माणुसकी ऑप्शनला टाकता येते वाटतं.

महाडकर
शब्द चुकला, मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

व्याकरणमित्र
मूळ शब्द सर्वजन, त्याला प्रत्यय लागून सार्वजनिक. बंगाली लोक दुर्गापूजेला सार्वजनीन म्हणतात. मराठीत मात्र 'नि' ऱ्हस्व. निम्म्या मंडळांच्या कमानीवर दीर्घ असतो, त्याचं कुणालाच काही नाही.

मिरजेचा जावई
सार्वजनिक राहू द्या, खरा बाटला तो 'समाज'. 1867 ला प्रार्थना समाज, 1873 ला सत्यशोधक समाज. एका विचाराने जमलेली माणसं म्हणजे समाज. आज? पुतणीच्या साखरपुड्यासाठी हॉल बघायला गेलो. व्यवस्थापकाने आधी तारीख नाही, आडनाव विचारलं. मग म्हणाला, "समाजाबाहेरच्यांना दर दुप्पट." 'समाजकार्य' म्हणजे हल्ली वधूवर मेळावा.

कोल्हापुरी_तिखट
असा हॉल आमचाही आहे, आणि अजिबात लाज वाटत नाही. माझ्या आजोबांनी दारोदार फिरून एकेक रुपया जमवला. तुमच्या सार्वजनिक संस्थांत आमच्या पोरांना जागा होती का? शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार वसतिगृहं काढली ती हौस म्हणून नव्हे. जातीला समाज म्हणायची वेळ कुणी आणली?

मिरजेचा जावई
महाराजांनी वसतिगृहं पोरांना आत घेण्यासाठी काढली, तुम्ही हॉल दर दुप्पट लावायला वापरता. शाहूंना मध्ये आणू नका.

कोल्हापुरी_तिखट
दुप्पट दरातून पोरींच्या शाळेची फी भरली जाते, हिशेब बघायला या. साखरपुडा सार्वजनिक बागेत करा, फुकट पडेल.

गिरणगावकर
अहो, धागा 'सार्वजनिक'चा आहे...

कोल्हापुरी_तिखट
धागाही सार्वजनिक आहे ना?

म्हापशेकर
'सामुदायिक'वाल्यांसाठी आमचं एक. गोव्यात गावकारीला, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेला, पोर्तुगीजांनी कोमुनिदाद नाव दिलं, म्हणजे समुदायच. शेतं, डोंगर, बांध सगळं तिचं. पण वर्षाची जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळते ती गावकारांच्या वंशातल्यांना. माझा पणजा गावात येऊन राहिला, आम्ही तिथेच जन्मलो, तिथेच शिकलो. वडील बांध फुटला की रात्री कंदील घेऊन धावायचे. जोण शून्य. समुदायाला कुंपण असतं, बाई.

शनवारातली
बरं. 'सामुदायिक' मागे घेते. म्हापशेकरांमुळे, गिरणगावकरांमुळे नाही. पण मग मंडळालाही तोच नियम लावा: गल्लीतल्या 50 सह्या आणा, मग मांडव घाला.

गिरणगावकर
मान्य! पण पोरं तासाभरात आणतील हं सह्या.

शनवारातली
ठाऊक आहे. दोन तर आमच्याच घरातून जातील. मुलगा ढोलपथकात आहे, आणि हे खजिनदार.