प्रति: कारखाना वाचवणं युनियनचंच काम?

भाऊ, 'कारखाना युनियनने वाचवावा, मंडळांनी गणपती बसवावा' हे तुमचं म्हणणं पटलं नाही. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात जनरल मोटर्सच्या कामगारांनी १९८२ पासून चर्च आणि मेक्सिकन वंशाच्या आणि कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांमधल्या संघटना सोबत घेतल्या. इशारा साधाच: प्लांट बंद केलात तर या शहरात तुमच्या गाड्यांवर बहिष्कार. जिला स्वतःच टाळं लावायचंय, त्या कंपनीला संपाची कसली भीती? गिऱ्हाईक तुटण्याची मात्र असते! १९९२ मध्ये प्लांट बंद झालाच, पण तोवर तग धरला. आपल्या जळगावात खानदेश मिलच्या जागेवर आज मॉल आहे. गेटबाहेरचा चहावाला, किराणावाला, खोल्या भाड्याने देणारा, हे कुठल्या युनियनचे सभासद असतात सांगा बरं?