मदत हवी आहे: कुरण दुष्काळात तगवायचं तर आधी खत कमी करू की कापण्या?

जुनं नैसर्गिक कुरण आहे, पेरलेलं नाही. पाणी देण्याची सोय नाही, चराईही नाही. गवत कापूनच नेतो. एका भागाला युरिया आणि हंगामात तीन कापण्या, दुसऱ्याला खत नाही, कापणी एकच.

पावसाने ताण दिला की खताचा भाग आधी करपतो. खणून पाहिलं तर तिथली मुळं वीतभर मातीतच गुंतलेली, बिनखताच्या भागात बरीच खोल. तिथे द्विदल आणि रुंद पानांच्या वनस्पतीही टिकून आहेत. खताच्या भागात दोन-तीन उंच गवतांचंच राज्य. गंमत म्हणजे पाऊस परतला की आधी हिरवा होतो तो खताचाच भाग!

कापणीची उंची ५ वरून १० सेंमी केली, तेव्हा बुडखे कमी जळाले. युरिया निम्मा करून फारसा फरक दिसला नाही. माती परीक्षण झालंय, स्फुरद-पालाश पुरेसं आहे.

अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकच्या गवताळ वाफ्यांवरच्या प्रयोगात १९८८ च्या दुष्काळात जास्त प्रजातींच्या वाफ्यांचं उत्पादन कमी घटलं, हे वाचलंय. पण तिथेही प्रजाती घटल्या त्या नत्रामुळेच (युरियातून मिळतं तेच), त्यामुळे श्रेय जास्त प्रजातींना द्यायचं की कमी नत्राला, यावर वाद झाला. माझ्याकडेही खत आणि कापणी एकत्रच बदलतात, गुंता तोच.

चारा लागतोच, म्हणून दोन्ही एकदम बंद करता येणार नाही. खत थांबवल्यावर द्विदल आपोआप परततात का, की बी टाकावं लागतं? आणि एकच गोष्ट कमी करायची तर कोणती?