सोलरचे गरम पाणी: नव्या यंत्रणेच्या ठरावापूर्वीची चर्चा

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. गच्चीवरील सोलर यंत्रणा जुनी झाली असून ए विंगमध्ये सकाळी कोमट पाणी येते, अशा तक्रारी सतत येत आहेत. एजन्सीने संपूर्ण यंत्रणा बदलण्याचे कोटेशन दिले असून ते रविवारच्या सभेत मांडले जाईल. कोणास काही सुचवायचे असल्यास कृपया येथे लिहावे.

ए-७०२: सचिव साहेब, मंजुरीची घाई करू नये, ही विनंती. काल दुपारी वॉचमनकडून किल्ली घेऊन मी गच्चीवर जाऊन आलो. सोलरच्या काचेच्या नळ्यांच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा लेप असतो. नळीतील निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकाकतो आणि आत हवा शिरली की दुधासारखा पांढरा पडतो. आपल्याकडे अशा पांढऱ्या नळ्या मोजक्याच आहेत आणि त्या सुट्या बदलून मिळतात. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर तर हात ठेवता येत नव्हता. याचा अर्थ पाणी व्यवस्थित तापते आहे, बिघाड खाली कुठेतरी आहे.

माझा संशय घराघरांतील मिक्सरवर, म्हणजे बाथरूममधील थंड-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळावर आहे. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या खटक्याने बंद केले, की आतल्या आत थंड आणि गरम लाइन जोडल्या जातात. आपली थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीहून उंच असल्याने थंड पाण्याचा दाब जास्त पडतो आणि ते गरम लाइनमध्ये घुसते. गीझरची आउटलेट सोलरच्या लाइनला जोडताना मध्ये एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवला नसेल, तर गीझरमधूनही हेच घडते. गंमत म्हणजे ज्याच्या घरात हा दोष असतो त्याला पत्ता लागत नाही, आणि थंड पाण्याने आंघोळ करतात शेजारी.

बी-१०४: काका, हे कोणाच्या घरात होते आहे, ते दारोदार न फिरता कसे कळणार?

ए-७०२: ताई, त्याची साधी चाचणी आहे. गच्चीवरील गरम पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि विंगमधील सर्वांत खालच्या घरातील गरम नळ उघडावा. पाइपमधील उरलेले पाणी संपल्यावर धार थांबली, तर माझा संशय चुकीचा. धार चालूच राहिली, तर ते पाणी कोणत्या तरी घरातून उलटे येत आहे. मग एकेका घराचा गरम लाइनचा कॉक बंद करत जायचे. ज्या घरापाशी धार तुटेल, तेथे प्लंबर पाठवायचा. दारोदार फिरावे लागलेच, तर ते तेव्हाच.

ए-३०१: आमच्याकडे तर पहिली बादलीभर पाणी गारच येते. तेही यामुळेच का?

ए-७०२: नाही, ते वेगळे. आतून २५ मिमी व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते, त्यामुळे ३० मीटरच्या लाइनमध्ये जवळजवळ १५ लिटर पाणी रात्रभर थंड होत पडून राहते. नवी यंत्रणा आणली तरी ते तसेच राहील. त्यातही डक्टमधील पाइपवरचे इन्सुलेशन कबुतरांनी आणि पावसाने पार फाडले आहे. ते नव्याने गुंडाळले, तर मधल्या वेळचे पाणी तरी लवकर निवणार नाही.

बी-४०३: टाकीतील क्षारांचाही विचार व्हावा. महापालिकेचे तलावाचे पाणी सौम्य असते, पण मे महिन्यात आपण जे टँकर मागवतो त्यांचे पाणी बहुधा बोअरवेलचे असते आणि गरम होताना त्याचाच थर बसतो.

सचिव: सूचना रास्त आहेत. शनिवारी दुपारी तीन वाजता प्लंबरच्या उपस्थितीत ए विंगची चाचणी घेऊ आणि तोपर्यंत कोटेशनचा विषय स्थगित ठेवू. त्या वेळी प्रत्येक घरी कोणीतरी असावे.

ए-७०२: एक विनंती. घरातील कॉक वर्षानुवर्षे फिरवला नसेल, तर त्यावर जोर लावू नये. जुन्या गेट व्हॉल्व्हचा दांडा तुटून हातात येतो आणि मग संपूर्ण विंगचे पाणी बंद करावे लागते. असा कॉक प्लंबरलाच फिरवू द्यावा.